जहाजावरच्या वैद्याचे पुडके

१

पुडके उघडले आणि आत कोरे कागद निघाले.

एखाददुसरा नव्हे, सगळेच. नेल्चे विसेने एकेक कागद दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडाला लावला, उलटा करून पाहिला आणि शेवटचा कागद ठेवताना तिची मान आपोआप खाली गेली. कागद दुरुस्त करण्यात तिचा हात फ्लिसिंगनमध्येच काय, सगळ्या झेलंड प्रांतात कुणी धरत नसे. पण कोऱ्या कागदातून अक्षरे काढायची विद्या तिलाही येत नव्हती.

"घ्या!" वृद्ध फान नोर्धाऊझन साहेब म्हणाले. "वैद्यबुवांनी कागद नेले, शिवून ठेवले आणि लिहिलं मात्र काहीच नाही. एवढ्यासाठी सकाळपासून आम्हाला ताटकळत ठेवलंत!"

त्यांच्या आवाजातला हायसेपणा कुणाच्याच कानातून सुटला नाही. 'योंग सुसाना' हे जहाज त्यांच्याच पूर्वजांचे. गिनीच्या किनाऱ्यावरून माणसे भरायची आणि सुरिनामच्या मळ्यांवर विकायची, हा त्याचा धंदा. त्या धंद्याचे सगळे कागद आज या घराण्याच्या दप्तरखान्यात होते आणि संध्याकाळी पाच वाजता साहेब ते गावाला कायमचे दान करणार होते.

लुडविना लांडफेल्डची नजर मात्र पुडक्यावरच होती. आयुष्यभर रॉटरडॅमच्या बंदरावर कस्टममध्ये लोकांच्या पेट्या उघडण्यात तिचे केस पांढरे झाले होते. पेटी रिकामी निघाली की लोक पेटीकडे पाहणे सोडतात आणि नेमके तेव्हाच पाहायचे असते, हे ती नव्या पोरांना शिकवत असे. म्हणून सगळे खुर्च्या मागे सारत असताना ती पुडक्याच्या वेष्टणावर वाकली. आतल्या घडीच्या कोपऱ्यात काहीतरी चमकत होते. तिने हळूच घडी वाकवली. टेबलावर काळ्या वाळूचे चिमूटभर कण सांडले.

"कुणी उठू नका," ती म्हणाली. "हे पुडकं कोरं नव्हतं. ते कुणीतरी रिकामं केलंय."

२

"वाळू निघाली म्हणून चोरी झाली?" साहेब भडकले. "समुद्रकाठचं गाव आहे. वाळू माझ्या बुटातसुद्धा निघेल!"

"बुटातली वाळू पिवळी असते, साहेब. ही शाई सुकवायची वाळू आहे. लिहून झालं की ओल्या अक्षरांवर भुरभुरायची. कोऱ्या कागदावर ती कोण कशाला टाकेल?"

"वेष्टणावर पत्ता लिहिलाय की. त्याचीच असेल."

"पत्ता बाहेरून आहे. वाळू आतून निघाली."

टेबलाच्या टोकाला बसलेले प्रोफेसर एसेल हसले. "लुडविना, तू दप्तरखान्यात आलीस की बंदरावरचं भूत अंगात येतं तुझ्या." पण हसता हसता त्यांनीही चष्मा पुसून ती वाळू पाहिली, आणि मग मात्र त्यांचे हसू मावळले.

दप्तरदार लेंडर्ट मिंडरहाउड दाराशी उभा होता. उंच, किडकिडीत, बोलणे बेताचे. "पोलिसांना कळवायला हवं," तो चाचरत म्हणाला.

"अवश्य कळवा," साहेब म्हणाले. "पण इथं पोलीस आले तर मी दानपत्रावर सही करणार नाही, हे आधीच सांगतो. सगळ्या पेट्या वकिलाच्या तळघरात जातील. मग वाट बघत बसा, तुमची नातवंडं वाचतील."

लुडविनाला नातवंडांची घाई नव्हती, आईची होती. तिच्या आईने नव्वदी ओलांडली होती. दर वर्षी एक जुलैला, गुलामी संपल्याच्या दिवशी, म्हातारी पाण्याचे भांडे घेऊन बसे आणि पूर्वजांना एकेकाचे नाव घेऊन पाणी देई. सगळ्यांची नावे तिला तोंडपाठ होती. फक्त पहिलीचे नव्हते. 'योंग सुसाना'वरून आलेल्या त्या मुलीला मळेवाल्यांनी 'फोर्तुना' म्हणून हाक मारली होती, पण ते नाव म्हातारी कधी उच्चारत नसे. "कुत्र्याला ठेवतात तसलं नाव," ती म्हणे आणि तेवढे पाणी मुकाट्याने ओती. जहाजाच्या विक्रीच्या चोपडीत ती मुलगी नुसती सत्त्याऐंशी क्रमांक होती. पण जहाजाचा वैद्य आपल्या भावाला एका पत्रात लिहून गेला होता की, मी रोज सकाळी क्रमांकाबरोबर त्यांची नावेही विचारून घेतो आणि टिपून ठेवतो. त्या टिपणांचे पुडके सापडायला लुडविनाची अकरा वर्षे गेली होती. एक जुलै चार दिवसांवर होता.

"पोलीस नकोत," ती म्हणाली. "मला पाच वाजेपर्यंत वेळ द्या आणि कुणीही इमारतीबाहेर जाऊ नका."

"आणि जेवण?" एसेलनी विचारले.

"खालच्या खोलीत बोलुस आहेत, दालचिनीचे चिकट गोड पाव. खा, पण हात धुऊन वर या."

३

पहिले साहेब. संशयाची सुई त्यांच्यावरच जाऊन बसावी, असेच सगळे होते.

"काल दुपारी तुम्ही इथं आला होतात," लुडविना म्हणाली. "एकटेच. नोंदवहीत सही आहे."

"आलो होतो. माझंच घर आहे."

"पुडकं बघायला?"

साहेबांनी काठी दोन्ही हातांत धरली. हात कापत होते. "न्यायला," ते म्हणाले. "तुमच्याशी खोटं कशाला बोलू? आमच्या नावाची आणखी किती लक्तरं वेशीवर टांगायची? दानपत्रात कलम आहे. सही होईपर्यंत कुठलाही कागद मी परत घेऊ शकतो. पेटी काढून ठेवलेली होती. मी पुडकं हातात घेतलं आणि परत ठेवलं."

"का?"

"ते विचारू नका. मलाच माहीत नाही."

लुडविनाने त्यांच्याकडे नीट पाहिले. म्हाताऱ्याने लबाडी केली असती तर त्याच्या बोलण्यात इतका चिडकेपणा आला नसता. शिवाय साधी गोष्ट होती. ज्याला दिवसाढवळ्या काखेत मारून न्यायची मुभा आहे, तो कोरे कागद भरून शिवत कशाला बसेल? आणि त्या हातांनी सुईत दोरा तरी ओवला गेला असता का?

मग एसेल. लायडनमध्ये शिकवत, पण जन्म गिनीच्या किनाऱ्यावरच्या एल्मिनाचा. तिथूनच 'योंग सुसाना' माणसे भरून निघाले होते. त्यांचे नवे पुस्तक या टिपणांवाचून पावसाळी ढगासारखे वर्षभर अडून बसले होते, हे सगळ्यांना ठाऊक होते.

"तुझी डाळ इथं शिजणार नाही, लुडविना," ते बसायच्या आधीच म्हणाले.

"तुझ्या पूर्वजांनी माझ्या पूर्वजांना विकलं. तू पुडकं लांबवलंस तर नवल काय?"

"आणि तुझे पूर्वज पैसे देऊन परत घ्यायची आमची ऐपत नाही. हिशेब बरोबर!" दोघेही हसले. हा विनोद ते वर्षानुवर्षे करत आले होते आणि दर वेळी हसताना दोघांनाही थोडे लागत असे. मग एसेल पुढे वाकले. "ऐक. मला ती टिपणं हवी होती, तुझ्याआधी हवी होती, कबूल. पण चोरून करू काय? पुस्तकात छापलं की खाली लिहावं लागतं, कुठला दप्तरखाना, कितवी पेटी, कितवा कागद. तिथं काय लिहू? 'माझ्या कोटाचा खिसा, डावीकडचा'? असल्या कागदाला आमच्यात कुत्रंही विचारत नाही."

लुडविनाला हे पटले. दप्तरातून निसटलेला कागद विद्वानाच्या लेखी मेलेला असतो. दोन नावे खोडली गेली. ती जिना चढून वर आली तर नेल्चे कामाच्या टेबलाशी बसून ओक्साबोक्शी रडत होती.

"काय झालं गं?"

"ते कोरे कागद," नेल्चे हुंदके देत म्हणाली, "माझ्या कपाटातले आहेत."

४

जुने कागद सांधायला जुनाच कागद लागतो. म्हणून नेल्चे मोडीत निघालेल्या वह्यांतली कोरी पाने जमवून कपाटात ठेवत असे. त्यातलाच एक गठ्ठा कमी झाला होता.

"आता मलाच धरतील," ती म्हणाली. "कपाट माझं, सुई-दोरा माझा."

"किल्ली कुठं असते?"

"बोळातल्या खिळ्याला. सगळ्यांना माहीत आहे. पण लुडविनाबाई, मी असते तर असं गबाळं काम केलं असतं का? बघा ना! वेष्टणाला अडीचशे वर्षांची घडी आणि कागदांना घडी कालची. डाग जुळत नाहीत. वाळवीचं भोक वेष्टणाला आहे, आतल्या एकाही कागदाला नाही. मी वाळवीचं भोकसुद्धा जुळवलं असतं!"

डोळ्यांत पाणी असतानाही तिला त्या कामाची लाज वाटत होती. लुडविनाला हसू आले. स्वतःच्या कसबाचा एवढा अभिमान असलेली बाई असली चोरी करणे शक्य नव्हते. की मुद्दाम गबाळी केली होती? तीस वर्षांच्या नोकरीने एवढे शिकवले होते की माणूस आवडला म्हणून त्याची पेटी सोडून द्यायची नाही.

"दिवा आहे का आडवा धरायचा?" तिने विचारले.

नेल्चेने दिवा टेबलाच्या कडेला टेकवला. आडव्या उजेडात वेष्टणाच्या सुरकुत्या उठून आल्या, टाक्यांची भोके उठून आली. दोघी डोक्याला डोके लावून इंच इंच पाहत राहिल्या. आणि मग नेल्चेचे बोट एका जागी थांबले.

वेष्टणाच्या आतल्या बाजूला, वरच्या उजव्या कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने काढलेला एक बारीकसा आकडा होता. एक.

"हा तू काढलास?"

"मी? कागद साफ केल्याशिवाय पेन्सिल लावायची नाही, नाहीतर मळ कायमचा बसतो. माझ्या हातून मेले तरी व्हायचं नाही."

पुडके आज पहिल्यांदा उघडले, असे सगळे म्हणत होते. आणि त्याच्या पोटात कुणीतरी आधीच आकडा घालून गेले होते.

५

दुपार कलली तेव्हा लुडविनाने सगळ्यांना वाचनाच्या खोलीत बोलावले. टेबलावर नेल्चेच्या कपाटातल्या कोऱ्या पानांचे चार गठ्ठे होते.

"हे पुराव्याचे कागद," तिने बेधडक ठोकून दिले. "प्रत्येकानं एकेक गठ्ठा सांभाळायचा. मी खाली फोन करून येते. कागद हरवले तर जबाबदारी तुमची."

ती बाहेर गेली, पण खाली गेली नाही. दाराला काचेचा चौकोन होता. तिथे उभी राहून ती आत बघत राहिली.

साहेबांनी गठ्ठ्याची मधोमध घडी घातली आणि कोटाच्या खिशात कोंबला. नेल्चेच्या तोंडून बारीक किंकाळी फुटली. तिने स्वतःचा गठ्ठा दोन जाड पुठ्ठ्यांत घालून वर हात ठेवला. एसेलनी कागद न बघताच समोर ओढले आणि त्यांच्यावर कोपरे टेकून ते खिडकीबाहेरचे सीगल पक्षी बघत बसले.

लेंडर्टने गठ्ठा चारही बाजूंनी ठोकून सारखा केला. मग त्याचा हात आपसूक कानामागे गेला. त्याने पेन्सिल काढली. वरच्या उजव्या कोपऱ्यात त्याने लिहिले, एक. पान उलटले, दोन. पान उलटले, तीन. चौथ्या पानावर पेन्सिल टेकली आणि तिथेच थांबली. त्याने मान वर केली. काचेतून लुडविना त्याच्याकडेच बघत होती.

६

बोळात तो भिंतीला टेकून उभा राहिला. पाचावर धारण बसली होती बिचाऱ्याची.

"सुटे कागद हातात आले की पहिल्यांदा आकडे घालायचे," लुडविना म्हणाली. "म्हणजे एकही इकडचा तिकडे होत नाही. बरोबर ना? वेष्टण पहिलं पान. हात चोरी करत होते, लेंडर्ट, पण सवय नोकरीवर होती."

"चोरी नाही!" तो कळवळून म्हणाला. "साहेबांनी मागच्या आठवड्यात विचारलं, त्या पुडक्यात काय आहे, ते वगळता येईल का? मला रात्रभर झोप आली नाही. मी उसवलं, वाचलं. बाई, त्यात नावं आहेत! सगळ्यांची! साहेबांनी नेलं असतं तर शेगडीत गेलं असतं. मी म्हटलं, सही होऊ दे, मग महिन्याभरानं दुसऱ्या एखाद्या पेटीत सापडलं म्हणून दाखवू."

तो शाबासकीची वाट बघत होता. लुडविनाच्या रागाचा मात्र भडका उडाला.

"दाखवशील? कोऱ्या पुडक्याची बातमी गावभर झाल्यावर? लोक काय म्हणतील? दप्तरदारानं लिहून घुसडलं! कुणीही ती नावं खरी धरली नसती, कधीच. आणि माझ्या आईला मी काय सांगू? नाव सापडलंय, पण चोरवाटेनं आलंय, त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस? त्या पोरीला एकदा पळवून आणली, लेंडर्ट. तू तिला दुसऱ्यांदा पळवलीस."

लेंडर्टने तोंड झाकून घेतले. "मला हे सुचलंच नाही."

"कागद कुठं आहेत? थांब, सांगू नकोस." एवढ्या संतापातही तिचे डोके भराभर धावू लागले होते. चोरलेल्या कागदालाही जो आकडे घालतो, तो माणूस तो कागद दमट हवेत घरी नेणार नाही. तो दप्तराच्या कोठाराबाहेरसुद्धा काढणार नाही. जहाजाच्या कागदांतून जहाजाचे कागद वेगळे करायला त्याचा हात धजणार नाही. "'योंग सुसाना'च्याच पेटीत. सकाळी आपण जी उघडली तिच्या शेजारच्या."

त्याने होकारार्थी मान हलवली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! ती जवळजवळ धावतच कोठाराकडे निघाली.

७

नेल्चेने सगळ्यांसमोर कागद वेष्टणात ठेवले. वाळवीचे भोक वेष्टणातून आरपार शेवटच्या पानापर्यंत गेले. घडीला घडी बसली, डागाला डाग बसला. घड्यांतून तीच काळी वाळू झरली.

"दुसरे कुठले कागद यात असे बसूच शकत नाहीत," नेल्चे म्हणाली. "मी लिहून देते." लेंडर्टही सगळे लिहून द्यायला तयार झाला, कसे उसवले, कधी, का. "नोकरी गेली तरी चालेल," तो म्हणाला.

"ते नंतर बघू," साहेब म्हणाले. त्यांच्यापुढे दानपत्र होते आणि पेन होते. पाच वाजायला आले होते.

आता लुडविनाने जे केले ते पाहून लेंडर्टने डोळेच मिटून घेतले. तिने कागद उचलून साहेबांच्या पुढ्यात ठेवले.

"सही होईपर्यंत हे तुमचे आहेत," ती म्हणाली. "मी अजून वाचलेले नाहीत. नको म्हणालात तर वाचणार नाही. पण मला हे उजळ माथ्यानं हवंय, साहेब. चोरून नको."

अकरा वर्षे तिने एका कापऱ्या हातात ठेवली होती.

साहेबांनी पहिले पान डोळ्यांजवळ धरले. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरत गेला. "कप्तानानं नावं लिहायला मनाई केली होती," ते हळूच म्हणाले. "म्हणे, आकडे पुरेसे आहेत. कप्तान आमचाच. दिवाणखान्यात त्याची तसबीर आहे." मग त्यांनी पेन ओढले आणि सही केली. "लगेच मला थोर माणूस समजू नका. मी काल हे न्यायलाच आलो होतो. आता घ्या, वाचा. माझ्याने पुढचं वाचवत नाही."

लुडविनाने पाने उलटली. वैद्याचे अक्षर बारीक होते, पण स्वच्छ. क्रमांक, नाव, क्रमांक, नाव. तिचे बोट कागदाला न लागता वरून सरकत गेले. सत्त्याऐंशी. तिने दोनदा वाचले, तिसऱ्यांदा मोठ्याने वाचले.

"तावियाह."

एसेल खुर्चीतून ताडकन उठले. "काय म्हणालीस?"

"तावियाह. असंच लिहिलंय. का रे?"

"अगं, हे आमच्याकडचं नाव आहे! माझ्या आत्याचं हेच नाव!" त्यांचा आवाज चढला. "कुणालाही ठेवत नाहीत ते. घरात आधी जुळं झालं असेल, तरच त्यांच्या पाठच्या बाळाला तावियाह म्हणतात. तुझ्या त्या पोरीच्या आधी घरात जुळं होतं, लुडविना!"

खोलीत एकदम सगळे बोलू लागले. नेल्चेने लेंडर्टचा दंड धरून त्याला गदागदा हलवले. लुडविनाने मात्र तडक फोन काढला. आई पहिल्याच घंटीला बोलली. हल्ली फोन ती मांडीवरच घेऊन बसत असे.

"आई, सापडलं! तावियाह. तिचं नाव तावियाह होतं. आणि ऐक, तिच्या आधी घरात जुळं होतं."

मग म्हातारीने विचारले, "आणि त्या जुळ्यांची नावं?"

लुडविना रडता रडता हसली. "आई, अगं ती जहाजावर नव्हती. ती मागं राहिली. त्यांची नावं कोणत्या कागदात मिळणार?"

"कागद कशाला हवा?" एसेल मध्येच ओरडले. त्यांनी तिच्या हातातला फोनच घेतला. "मावशी, मी एल्मिनाचा एसेल. आमच्याकडे जुळ्यांची नावं ठरलेलीच असतात, दुसरी ठेवत नाहीत. थोरला तो पान्यिन, धाकटा तो काक्रा. तुमच्या तावियाहची भावंडं पान्यिन आणि काक्रा."

फोनमधून म्हातारीचा आवाज खोलीभर ऐकू आला. "पान्यिन," ती म्हणाली. "काक्रा. तावियाह." मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आई? कुठं चाललीस?"

"फोन ठेवू नकोस," म्हातारी लांबून ओरडली. "पाणी आणते. एक जुलैपर्यंत थांबवत नाही मला."